टेबल आपले, किल्ली कोणाची?

जुलै २०२५ मध्ये नायरा एनर्जी या कंपनीच्या कर्मचाऱ्यांना एके दिवशी स्वतःचेच ईमेल उघडता येईनात. गुजरातमधील वाडीनार येथे वर्षाला दोन कोटी टन क्षमतेचा तेलशुद्धीकरण प्रकल्प ही कंपनी चालविते. देशाच्या एकूण शुद्धीकरण क्षमतेचा सुमारे आठ टक्के भाग तिच्याकडे आहे. त्या दिवशी प्रकल्पात अपघात झाला नव्हता, वीज गेली नव्हती की सायबर हल्लाही झाला नव्हता. रोसनेफ्ट या रशियन कंपनीचा नायरामध्ये ४९.१३ टक्के वाटा आहे. त्यामुळे युरोपीय संघाने १८ जुलै रोजी जाहीर केलेल्या निर्बंधांत नायराचे नाव आले आणि त्यापाठोपाठ मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबविल्या. सेवांचे शुल्क पूर्ण भरलेले असूनही हे घडले, अशी तक्रार घेऊन कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. काही दिवसांतच सेवा पूर्ववत झाल्या. तातडीची अडचण मिटली; मूळ प्रश्नाचा निवाडा मात्र झालाच नाही.

भारतीय कायद्याने या कंपनीवर कोणतीही बंदी घातलेली नव्हती. एकतर्फी निर्बंध भारत मानत नाही, असे परराष्ट्र मंत्रालयाने त्याच सुमारास पुन्हा स्पष्ट केले होते. तरीही भारतीय भूमीवर, भारतीय कायद्यानुसार चालणाऱ्या उद्योगाचे दैनंदिन कामकाज परदेशात झालेल्या निर्णयाने अडले. नायराचे मालक कोण आणि त्या निर्बंधांमागचे राजकारण योग्य की अयोग्य, हा येथे विषय नाही. ज्या साधनांवाचून कार्यालय चालूच शकत नाही, ती काढून घेण्याचा अधिकार कोणाला असावा आणि तो कोणत्या नियमाने वापरला जावा, हा खरा विषय आहे.

नायराचा प्रसंग मुख्यतः ईमेल आणि दूरस्थ बैठकांपुरता होता. परंतु गेल्या काही वर्षांत कर्मचाऱ्याचे संपूर्ण टेबलच दूरच्या यंत्रावर जाऊ लागले आहे. तंत्रज्ञानाच्या भाषेत याला आभासी डेस्कटॉप आणि ॲप्लिकेशनचे आभासीकरण म्हणतात. त्यामागची कल्पना साधी आहे. पूर्वी प्रत्येक संगणकावर प्रत्येक प्रोग्राम स्वतंत्रपणे बसवावा लागे आणि माहितीही त्याच संगणकात राही. नव्या व्यवस्थेत प्रोग्राम आणि माहिती डेटा सेंटरमधील सर्व्हरवर असते. कर्मचाऱ्याच्या लॅपटॉपवर किंवा टॅबलेटवर येते ते केवळ पडद्याचे चित्र. त्याच्याकडून जातात त्या कळफलकाच्या आणि माउसच्या हालचाली. काही पद्धतींत प्रोग्राम कर्मचाऱ्याच्या यंत्रावरच चालतो. पण तो बंदिस्त पुडक्यासारखा सर्व्हरवरून येतो आणि उरलेल्या यंत्रणेत मिसळत नाही.

हे तंत्र जुनेच आहे. सिट्रिक्ससारख्या कंपन्या ते तीन दशकांहून अधिक काळ विकत आहेत. भारतात त्याची खरी गरज जाणवली ती मार्च २०२० मध्ये. टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा अनेक माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांनी कार्यालयांतील संगणक अक्षरशः गाड्यांत घालून कर्मचाऱ्यांच्या घरी पोहोचविले. परंतु परदेशी बँकेच्या किंवा विमा कंपनीच्या ग्राहकांची माहिती घरातील संगणकावर उतरवून काम करणे करारात बसणारे नव्हते. आभासी डेस्कटॉपमुळे माहिती सर्व्हरवरच राहिली आणि माणूस घरी राहून काम करू शकला.

त्यासाठी कायद्यालाही वाट करून द्यावी लागली. कॉल सेंटर आणि तत्सम सेवांना दूरसंचार विभागाकडे नोंदणी करावी लागे. घरून काम करणारा प्रतिनिधी हवा असेल, तर एक कोटी रुपयांची बँक हमी आणि विशिष्ट प्रकारची सुरक्षित जोडणी अशा अटी होत्या. विभागाने १३ मार्च २०२० रोजी त्या तात्पुरत्या शिथिल केल्या, ५ नोव्हेंबर २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनी त्यांतील बहुतेक काढून टाकल्या, नोंदणीची अटही रद्द केली आणि २३ जून २०२१ रोजी नियम आणखी शिथिल केले. जुलै २०२२ मध्ये विशेष आर्थिक क्षेत्रांतील कंपन्यांनाही निम्म्यापर्यंत कर्मचाऱ्यांना घरून काम देण्याची मुभा मिळाली. कर्मचाऱ्याने कोठे बसावे, हा प्रश्न भारतीय राज्यव्यवस्थेने अशा रीतीने सव्वादोन वर्षांत सोडविला. ही कामगिरी लहान नाही.

तिचे फायदेही खरे आहेत. बँकेचा कर्ज अधिकारी, विम्याचा सर्वेक्षक, औषध कंपनीचा प्रतिनिधी यांचा लॅपटॉप रेल्वेत हरवला, तरी ग्राहकांची माहिती हरवत नाही. सुरक्षेची दुरुस्ती हजार यंत्रांवर हजार वेळा करण्याऐवजी एकाच ठिकाणी करता येते. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. जुने संगणक फेकून न देता त्यांचा केवळ पडदा म्हणून उपयोग करण्याचा मार्गही याच तंत्राने खुला राहतो. कोईमतूर, जयपूर किंवा नाशिकमध्ये राहून बंगळूरच्या कार्यालयाचे काम करता येते. घरातील वृद्धांची किंवा मुलांची जबाबदारी सांभाळणाऱ्या स्त्रियांसाठी तर हा नोकरी टिकविण्याचाच मार्ग ठरू शकतो.

मात्र माणूस कोठेही बसू शकतो याची दुसरी बाजू अशी की, त्याचे टेबल कधीही उचलले जाऊ शकते. जुन्या संगणकावर खरेदी केलेला प्रोग्राम विक्रेत्याशी भांडण झाले तरी दुसऱ्या दिवशी चालू राही. दूरस्थ टेबलाचे तसे नाही. ते आज तीन दोऱ्यांवर टांगलेले आहे आणि त्यांतील एकही दोरी कर्मचाऱ्याच्या हातात नाही.

पहिली दोरी पुरवठादाराची. निर्बंध हे तिचे टोकाचे उदाहरण झाले. रोजचे उदाहरण किमतीचे आहे. आभासीकरणाच्या क्षेत्रातील अग्रगण्य कंपनी व्हीएमवेअर ही ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये विकत घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद केली. यापुढे वर्गणी भरावी आणि वर्गणी संपली की हक्कही संपावा, अशी ही रचना. एखाद्या बँकेने किंवा सार्वजनिक उपक्रमाने हजारो कर्मचाऱ्यांची टेबले एकाच यंत्रणेवर उभी केली असतील, तर मालक बदलताच नव्या अटी मान्य करण्यावाचून तिच्यापुढे फारसा पर्याय उरत नाही. स्थलांतराला वर्षे लागतात. नूतनीकरणाची तारीख तेवढी थांबत नाही.

दुसरी दोरी इंटरनेटची. ती पुष्कळदा सरकारच्याच हातात असते. मे २०२३ मध्ये हिंसाचार उसळल्यानंतर मणिपूरमध्ये इंटरनेट महिनोन् महिने खंडित वा मर्यादित होते. जम्मू-काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये बंद झालेली वेगवान मोबाईल सेवा संपूर्ण प्रदेशात पूर्ववत व्हायला फेब्रुवारी २०२१ उजाडले. मधल्या काळात सुरू झालेल्या टू-जीच्या वेगावर दूरस्थ पडद्यावर काम करणे जवळजवळ अशक्य असते. अनुराधा भसीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी सांगितले की, इंटरनेटच्या माध्यमातून व्यवसाय करण्याच्या स्वातंत्र्याला संविधानाचे संरक्षण आहे, बंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत आणि बेमुदत बंदी चालणार नाही. तरीही परीक्षेतील कॉपी रोखण्यासाठी संपूर्ण जिल्ह्यांचे इंटरनेट बंद करण्याचे प्रकार त्यानंतरही घडले आहेत. ज्याचे टेबल त्याच्या घरात आहे, त्याला अशा दिवशी गैरसोय होते. ज्याचे टेबल सर्व्हरवर आहे, त्याची रजा होते आणि ती पगारी की बिनपगारी, हे मालक ठरवितो.

तिसरी दोरी याच मालकाची. आभासी डेस्कटॉपवरील प्रत्येक हालचाल मालकाच्या सर्व्हरवर घडत असते. कर्मचारी किती वाजता आला, किती वेळ पडदा निश्चल होता, कोणती फाईल उघडली, याची नोंद ठेवण्यासाठी फार वेगळे काही करावे लागत नाही. गोपनीयतेसाठी यांतील काही नोंदी आवश्यकच आहेत. पण मर्यादा कोठे आखायची? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातील कलम ७ नुसार रोजगाराच्या प्रयोजनासाठी किंवा मालकाचे नुकसान टाळण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती त्याच्या संमतीविना हाताळता येते. ‘रोजगाराचे प्रयोजन’ या शब्दांत काय बसते आणि काय नाही, हे कायद्याने मोकळेच ठेवले आहे. कार्यालयीन वेळेनंतर संपर्कातून मुक्त राहण्याचा हक्क देऊ पाहणारे खासगी विधेयक खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडले होते. तसा कायदा आजही नाही. टेबल खिशात आले की कार्यालय सुटण्याची वेळ कोणती, याला उत्तर उरत नाही.

यावर सर्वांत सोपा वाटणारा उपाय म्हणजे स्वदेशीचा. केंद्र सरकारच्या सुमारे बारा लाख कर्मचाऱ्यांचे ईमेल झोहो या भारतीय कंपनीने उभारलेल्या मंचावर गेले आहेत. सरकारी कार्यालयांसाठी ‘मेघराज’ हा राष्ट्रीय क्लाउड २०१४ पासून आहे. ही पावले स्वागतार्ह आहेत. परकीय निर्बंधांचा धोका त्यांनी कमी होतो. परंतु पुरवठादार भारतीय असला म्हणून तो दर वाढवणार नाही, दिवाळखोरीत जाणार नाही किंवा वाद झाल्यावर सेवा बंद करणार नाही, याची हमी मिळत नाही. शिवाय खासगी उद्योगाला, विशेषतः परदेशी ग्राहक असलेल्या सेवा क्षेत्राला, जागतिक कंपन्यांची साधने सोडून देणे आज परवडणारेही नाही. किल्ली दिल्लीत आहे की सिएटलमध्ये, यापेक्षा ती फिरविण्याआधी कोणती प्रक्रिया पाळावी लागते, हे अधिक महत्त्वाचे आहे.

अशी प्रक्रिया लिहिता येते, हे भारतातच सिद्ध झालेले आहे. रिझर्व्ह बँकेने १० एप्रिल २०२३ रोजी माहिती-तंत्रज्ञान सेवांच्या बाह्यस्रोतीकरणाविषयी निर्देश काढले आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून ते लागू झाले. बँकांनी पुरवठादारापासून बाहेर पडण्याची योजना आधीच तयार ठेवावी, लेखापरीक्षणाचा हक्क करारातच मिळवावा आणि सेवा खंडित झाली तरी कामकाज चालू राहील अशी व्यवस्था करावी, ही त्यांतील अपेक्षा आहे. सेबीनेही त्याच वर्षी मार्चमध्ये क्लाउड सेवांसाठी चौकट आखली. बँका आणि शेअर बाजार यांच्यासाठी जे आवश्यक मानले गेले, ते तेलशुद्धीकरण प्रकल्प, बंदरे आणि मोठी रुग्णालये यांच्यासाठी अनावश्यक कसे ठरू शकते?

म्हणून तीन गोष्टी कराव्या लागतील. पहिली, माहिती तंत्रज्ञान कायद्यात ‘अतिमहत्त्वाच्या माहिती पायाभूत सुविधां’ची संकल्पना आहेच, त्या कक्षेतील प्रत्येक संस्थेच्या डेस्कटॉप आणि क्लाउड सेवांच्या करारांत किमान अटी बंधनकारक कराव्यात. लेखी पूर्वसूचनेशिवाय सेवा बंद करता येऊ नये, सूचनेनंतर ठरावीक मुदत मिळावी आणि त्या मुदतीत स्वतःची सर्व माहिती वापरण्याजोग्या स्वरूपात परत घेता यावी. परदेशी कायद्यापुढे भारतीय करार प्रत्येक वेळी टिकेलच असे नाही. पण मुदत, माहितीची परतफेड आणि नुकसानभरपाई लिहिलेली असेल, तर न्यायालयात हात जोडून जाण्याऐवजी हक्काने जाता येईल. आणि पर्यायी व्यवस्था तयार ठेवण्याची सवयही संस्थांना लागेल.

दुसरी गोष्ट इंटरनेटबंदीची. बंदीचा आदेश काढताना उपजीविकेवरील परिणामाची नोंद करणे सक्तीचे असावे आणि बँका, रुग्णालये, दूरस्थ कर्मचारी यांच्यासाठी ठरावीक सेवांपुरता मार्ग खुला ठेवणे शक्य होते का, याचे उत्तर आदेशातच असावे. संपूर्ण बंदीपेक्षा कमी कठोर उपाय शोधण्याची जबाबदारी न्यायालयाने शासनावर टाकलेलीच आहे. तिसरी, ‘रोजगाराचे प्रयोजन’ या शब्दांचा अर्थ केंद्राने स्पष्ट करावा. कोणती नोंद ठेवली जाते, ती किती काळ राहते आणि कोण पाहते, हे कर्मचाऱ्याला त्याच्या भाषेत सांगणे ही किमान अट हवी. सेवा खंडित झाल्यामुळे बुडालेला दिवस कर्मचाऱ्याच्या पगारातून कापता येणार नाही, हेही त्याच ओघात निश्चित व्हावे.

यांतील कोणत्याही मागणीने तंत्रज्ञानाची वाट अडत नाही. मार्च २०२० मध्ये नियम बदलले नसते, तर लाखो नोकऱ्या कार्यालयांच्या कुलूपबंद दारांमागे अडकल्या असत्या. तेव्हा सरकारने संकट येऊन ठेपल्यावर, पण झपाट्याने निर्णय घेतले. या वेळी इशारा आधी मिळाला आहे. नायराच्या सेवा काही दिवसांत परत मिळाल्या, कारण कंपनी मोठी होती, वकील उपलब्ध होते आणि विषय राष्ट्रीय होता. दोनशे खाटांच्या रुग्णालयाला किंवा पन्नास माणसांच्या कंपनीला असे काही दिवस मिळतीलच, याचा भरवसा नाही. त्यांच्यासाठी नियमच लिहून ठेवावा लागेल, आणि तोही टेबल जागेवर आहे तोवर.