आकाशातील जकात

हेलसिंकी आणि टोकियो या दोन शहरांमधील अंतर पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मोजले, तर ते सुमारे ७,८०० किलोमीटर भरते. हा दोरा बहुतांशी रशियाच्या भूमीवरून जातो. फेब्रुवारी २०२२ पर्यंत हा प्रवास साडेनऊ तासांच्या आसपास होत असे. युक्रेनवरील आक्रमणानंतर युरोप आणि रशिया यांनी परस्परांच्या विमानांना आपले आकाश बंद केले आणि फिनएअरची विमाने उत्तर ध्रुवावरून वळसा घेऊन तेरा तासांत टोकियोला पोहोचू लागली. विलक्षण योगायोग असा की, १९८३ साली याच कंपनीने डीसी-१० विमानाने ही विनाथांबा सेवा सुरू केली, तेव्हाही सोव्हिएत आकाश टाळून ध्रुवावरूनच जावे लागे, आणि वेळही जवळपास तेवढाच लागे. चार दशकांत इंजिने सुधारली, इंधनाचा खप घटला. घड्याळ मात्र होते तेथेच आले.

१९४४ च्या शिकागो कराराने प्रत्येक राष्ट्राला आपल्या भूमीवरील आकाशाचे संपूर्ण स्वामित्व दिले. परक्या विमानांना नुसते वरून जाऊ देण्याची हमी देणारा जो स्वतंत्र करार त्याच वेळी झाला, त्यात ना सोव्हिएत संघ सामील झाला ना पुढे रशिया. त्यामुळे सैबेरियावरचा मार्ग कालांतराने खुला झाला तो फुकट नव्हे. युरोपीय कंपन्या त्यासाठी वर्षानुवर्षे एरोफ्लोतला पैसे मोजत होत्या. ही जकातच होती, फक्त नाके डोळ्यांना दिसत नव्हते! तरीही वळशाच्या इंधनापेक्षा ती स्वस्त पडे. युरोपातून ईशान्य आशियाला जाणारी जवळची वाट आपल्या माथ्यावरून जाते, या एका भौगोलिक भांडवलावर फिनलंडने आपला विमानव्यवसाय उभारला होता. ते भांडवल एका आठवड्यात गोठले आणि काही विमाने इतर कंपन्यांना भाड्याने देण्याची पाळी आली. उलट चिनी कंपन्यांना रशियाचे आकाश खुलेच राहिले, म्हणजे एकाच बाजारातील एका विक्रेत्याला आडवाट सक्तीची आणि दुसऱ्याला राजमार्ग!

हे दुखणे भारतीय उपखंडाला नवे नाही. १९७१ च्या प्रारंभी ‘गंगा’ विमानाच्या अपहरणानंतर भारताने पाकिस्तानी विमानांना आपले आकाश बंद केले, तेव्हा कराची ते ढाका हा एकाच राष्ट्रातील प्रवास श्रीलंकेमार्गे, म्हणजे जवळजवळ दुपटीने लांबला. बालाकोटनंतर २०१९ मध्ये पाकिस्तानने आकाश बंद केले. त्या वर्षीच्या २ जुलैपर्यंत एअर इंडियाचे ४९१ कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचे सरकारने संसदेत सांगितले. कंपनी तेव्हा सरकारी होती. साहजिकच तो बोजा अखेर सार्वजनिक तिजोरीवर पडला, आणि त्या तिजोरीत अप्रत्यक्ष करांतून भर घालणाऱ्या बहुसंख्यांनी विमानाची पायरी कधी चढलेली नव्हती. एप्रिल २०२५ मध्ये हा मार्ग पुन्हा बंद झाला, तोवर कंपनी खासगी मालकीत गेली होती. आता हिशेब प्रवासी आणि भागधारक यांच्यात व्हायचा आहे.