हिरवा दिवा सर्वांना एकाच वेळी लागतो, पण गाडी कोण देतो?

१९९८ साली अमेरिकेत बावीस वर्षांचा एक कृष्णवर्णीय तरुण देशातल्या सर्वांत वरच्या दर्जाच्या मोटरसायकल ड्रॅग रेसिंगमध्ये उतरला. त्याचं नाव अँट्रॉन ब्राउन. पुढे मोटरसायकलवर त्याने सोळा स्पर्धा जिंकल्या. २००८ मध्ये तो चारचाकीच्या 'टॉप फ्युएल' वर्गात गेला आणि २०१२ मध्ये राष्ट्रीय विजेता झाला. अमेरिकेच्या मोठ्या मोटार शर्यतींत असं विजेतेपद मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय. २०१५, २०१६ आणि २०२४ मध्ये त्याने ते पुन्हा मिळवलं. आज तो स्वतःच्या संघाचा मालक आहे.

आमच्या अभ्यासिकेतल्या पोरांचा जीव गाड्यांवर. १४ एप्रिलच्या रॅलीत कुणाची बुलेट पुढे राहणार यावर आठवडाभर आधी चर्चा चालते. त्यांच्यातल्याच एकाने ब्राउनचा व्हिडिओ दाखवला आणि म्हणाला, "दादा, बघा ना, तिथं कुठं आरक्षण आहे? ज्याच्यात दम होता तो जिंकला." हे वाक्य त्याचं नव्हतं, कॉलेजच्या कट्ट्यावरून आलेलं होतं. पण ते आता आपल्याच पोराच्या तोंडून येतंय, याची आम्हाला जास्त चिंता वाटली. एका मिनिटात उत्तर देऊन त्याला गप्प करता आलं असतं. आम्ही ते केलं नाही. त्याच्याच आवडीच्या शर्यतीतून उत्तर शोधायचं ठरवलं. हा लेख त्या चर्चेतून आला आहे.

शर्यत कशी असते?

ड्रॅग रेसिंगमध्ये वळणं नसतात. सरळ पट्टा, पाव मैलाचा, म्हणजे साधारण ४०२ मीटर. दोन स्पर्धक शेजारी शेजारी उभे राहतात. समोर दिव्यांचा खांब असतो. तिन्ही पिवळे दिवे एकदम लागतात आणि ०.४ सेकंदाने हिरवा. हिरव्याच्या आधी चाक हललं तर लाल दिवा लागतो आणि गडी बाद. ब्राउन उतरला त्या 'प्रो स्टॉक मोटरसायकल' वर्गातल्या गाड्या आज हे अंतर सात सेकंदांच्या आत कापतात. शेवटच्या रेषेवर वेग ताशी ३२० किलोमीटरच्या आसपास असतो. पुढचं चाक हवेत उठून गाडी उलटू नये म्हणून मागे लांब दांडा लावलेला असतो. वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजली जाते आणि ती माणूस नाही, प्रकाशाचा किरण मोजतो.

गुणवत्तावाल्यांना याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही. घड्याळ जात विचारत नाही, रंग विचारत नाही. मान्य. आमचा प्रश्न घड्याळाबद्दल नाहीच. घड्याळासमोर उभं राहण्याआधी काय घडलं, हा आमचा प्रश्न आहे.

गाडी कुणाची होती?

ब्राउन न्यू जर्सीचा. घरात सेप्टिक टँकचा व्यवसाय. वडील आणि काका हौशी गटात ड्रॅग रेसिंग करायचे, त्यामुळे इंजिनाचा वास आणि पान्यांचा आवाज यातच तो वाढला. लहानपणी मातीच्या ट्रॅकवर छोटी मोटरसायकल चालवली. कॉलेजात तो धावपटू होता, शंभर मीटरचा. दम होता, कौशल्य होतं, घरचा पाठिंबाही होता. तरीही या तिन्ही गोष्टींच्या जोरावर कुणी प्रो स्टॉकमध्ये उतरत नाही. तिथे लाखमोलाची गाडी लागते, सुटे भाग लागतात, मेकॅनिक लागतात, सबंध हंगामभर देशभर फिरायला ट्रक लागतो. शिवाय नुसतं नाव नोंदवून भागत नाही. पात्रता फेरीत पहिल्या सोळांत आलात तरच मुख्य शर्यत.

ही गाडी त्याला ट्रॉय व्हिन्सेंटने दिली. व्हिन्सेंट हा अमेरिकन फुटबॉलचा व्यावसायिक खेळाडू, त्याच परिसरातल्या ट्रेंटन शहरात वाढलेला, कृष्णवर्णीय आणि ब्राउनच्या चुलतबहिणीचा नवरा. खेळातून कमावलेला पैसा त्याने रेसिंग संघात घातला आणि गाडीवर घरातल्या पोराला बसवलं. व्हिन्सेंटच्या जर्सीचा क्रमांक २३ होता, म्हणून संघाचं नाव 'टीम २३'.

म्हणजे पदार्पण दिव्याच्या खांबाखाली झालं नाही. वर पोचलेल्या एका माणसाने मागे वळून पाहिलं, तेव्हाच ते झालं. दम ब्राउनचाच होता. पण तसाच दम असलेली आणि व्हिन्सेंटसारखा नातेवाईक नसलेली किती पोरं न्यू जर्सीच्या गल्ल्यांत राहून गेली असतील? त्यांची वेळ कोणत्या घड्याळाने मोजली?

आणि सेप्टिक टँक हा शब्द आपण सहज ओलांडून जाऊ नये. तिथे तो एका कुटुंबाच्या मालकीचा धंदा होता. त्यावर घर चाललं. आपल्याकडे त्याच टाकीत कोण उतरतं आणि कोण गुदमरून मरतं हे जातच ठरवते. १९९३ आणि २०१३ असे दोन कायदे झाले, तरी हे थांबलेलं नाही. काम तेच. तिथे मालकी आहे, इथे मरण आहे.

आधी निघालेल्याला काय म्हणायचं?

आता पोराच्या वाक्याकडे येऊ. "तिथं कुठं आरक्षण आहे?"

ड्रॅग रेसिंगमध्ये 'ब्रॅकेट रेसिंग' नावाचा प्रकार आहे. अमेरिकेत हजारो सामान्य माणसं आपापल्या गाड्या घेऊन हीच शर्यत खेळतात. त्यात प्रत्येकाने आपली गाडी किती वेळात पट्टा पार करेल ते आधी सांगायचं असतं. समजा एकाची गाडी दहा सेकंदांची आणि दुसऱ्याची बारा. मग बारावाल्याला हिरवा दिवा दोन सेकंद आधी लागतो. कुणी बोंब मारत नाही. 'आमच्या गुणवत्तेवर अन्याय झाला' म्हणून कुणी कोर्टात जात नाही. कारण सर्वांना ठाऊक असतं, साधनं सारखी नसतील तर एकाच वेळी सोडलेली शर्यत ही शर्यतच नाही. निकाल आधीच लागलेला असतो.

कुणी म्हणेल, हे हौशी गटात ठीक आहे, वरच्या पातळीवर तर दोघे एकाच वेळी सुटतात. बरोबर. पण तिथेही नियम आहेत. प्रो स्टॉक मोटरसायकलमध्ये गाडी आणि स्वार मिळून किमान वजन ठरलेलं असतं. स्वार हलका असेल तर गाडीवर वजन लादावं लागतं. इंजिनाच्या प्रकारानुसार ही मर्यादा वेगळी ठेवली जाते. हे सगळं कशासाठी? निकाल साधनावर नाही, स्वारावर ठरावा म्हणून. जगातला सर्वांत 'शुद्ध' गुणवत्तेचा खेळसुद्धा समान मैदान नियम करून घडवतो. ते आपोआप मिळत नाही.

आपल्याकडे काय झालं? एका समूहाने हजारो वर्षं आधी पट्ट्यावर गाडी सोडली. दुसऱ्याला गाडीला हात लावायचीच बंदी. शर्यतीत हिरव्याच्या आधी निघालेल्याला लाल दिवा दाखवून बाहेर काढतात. समाजात आधी निघालेल्यालाच गुणवान म्हणतात! आणि मागून सुटलेल्याला संविधानाने दोन सेकंद दिले की त्याच गुणवानांच्या पोटात दुखतं.

आपल्याकडे तर स्वारी हाच गुन्हा ठरतो. २०१८ मध्ये गुजरातच्या भावनगर जिल्ह्यात एका दलित तरुणाचा खून झाला. तो घोडा पाळतो आणि त्यावर बसतो, हे गावातल्या वरच्या जातींना खुपत होतं, असं त्याच्या वडिलांचं म्हणणं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तमिळनाडूच्या शिवगंगा जिल्ह्यात एका दलित विद्यार्थ्याच्या हातांवर वार झाले, तो बुलेट चालवतो याच रागातून, असं कुटुंबाने सांगितलं. ज्या देशात गाडीवर बसण्याबद्दल हात तोडले जातात, तिथे 'ज्याच्यात दम तो जिंकतो' हे वाक्य कुणाच्या सोयीचं आहे, याचा पोरांनी विचार करावा.

घड्याळ माणसाच्या हातात असतं तेव्हा

ब्राउनच्या आधी एक माणूस होऊन गेला, वेंडेल स्कॉट. १ डिसेंबर १९६३ रोजी फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल इथे त्याने नॅस्कार या मोटार शर्यतीच्या सर्वोच्च मालिकेतली स्पर्धा जिंकली. पण तिथे निकाल माणसांच्या हातात होता. विजेता म्हणून बक बेकर या गोऱ्या चालकाचं नाव पुकारलं, करंडक त्याला दिला. काही तासांनी, प्रेक्षक घरी गेल्यावर, 'चूक' मान्य केली. स्कॉट १९९० मध्ये वारला. त्याच्या कुटुंबाला करंडक २०२१ मध्ये मिळाला, अठ्ठावन्न वर्षांनी.

आपल्या वाचकांना पळवणकर बाळू आठवतील. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून जास्त बळी घेणारा हा गोलंदाज पुण्यात खेळायचा, तेव्हा चहाच्या सुट्टीत त्याला पॅव्हिलियनबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जायचा. हिंदूंच्या संघाचा तो कणा होता, पण कर्णधारपद जातीने अडवलं. चेंडूने जात पाहिली नाही. निवड करणाऱ्यांनी पाहिली. म्हणून आम्ही म्हणतो, मोजमाप निष्पक्ष असून भागत नाही. मोजमापाआधीची निवड आणि नंतरची घोषणा कुणाच्या हातात आहे, तेही पाहावं लागतं.

एकटा व्हिन्सेंट पुरत नाही

इथे आम्हाला आपल्याच लोकांशी थोडं भांडायचं आहे.

व्हिन्सेंटची गोष्ट ऐकली की आपण सद्गदित होतो आणि थांबतो. एका दिलदार नातेवाइकावर समाज उभा राहत नाही. बाबासाहेबांना १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात जायला सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती होती. बाबासाहेबांनी त्या उपकाराचं नुसतं कौतुक करत आयुष्य काढलं नाही. त्यांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं आणि संविधानात तरतुदी केल्या. एकाला मिळालेली संधी त्यांनी अनेकांचा हक्क केली. फरक इथे आहे.

नॅस्कारनेही २००४ मध्ये वंचित गटांतल्या तरुणांसाठी प्रशिक्षणाची खास योजना सुरू केली. तिच्यातून आलेला बब्बा वॉलेस ऑक्टोबर २०२१ मध्ये तालाडेगाला जिंकला. स्कॉटनंतर त्या पातळीवर जिंकलेला हा पहिला कृष्णवर्णीय. अठ्ठावन्न वर्षं 'ज्याच्यात दम तो जिंकतो' हेच चालू होतं. त्या काळात दम असलेला एकही कृष्णवर्णीय जन्मला नव्हता का?

मुलींचंही तेच. ब्राउनच्याच वर्गात २००० ते २००२ सलग तीन वर्षं विजेती होती अँजेल सॅम्पी, लुइझियानाची नर्स. २००७ मध्ये टेक्सासमध्ये पेगी लुएलिन जिंकली, या स्पर्धांच्या व्यावसायिक वर्गात जिंकणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री. गाडी दिली तर पोरी मागे राहत नाहीत. आपल्या वस्तीत मात्र रॅलीतही पोरगी मागच्या सीटवरच असते. याला मनुवाद म्हणायचं की नाही, ते प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या घरात पाहावं.

मग करायचं काय? १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकल्यासवरलेल्यांबद्दलची निराशा बोलून दाखवली होती. ती सभा आजच्या आपल्या नोकरदारांसाठीच होती असं आम्हाला वाटतं. जयंतीला डीजेच्या भिंती उभ्या राहतात. आम्ही उत्सवाच्या विरोधात नाही. ज्यांना रस्त्यावरून चालू दिलं नाही, त्यांनी तो रस्ता वर्षातून एक दिवस दणाणून सोडला तर आम्हाला त्यात गैर दिसत नाही. पण प्रत्येक जयंती समितीने वर्गणीतला दहावा हिस्सा एका खेळाडूसाठी बाजूला काढावा. धावणाऱ्याला स्पाइक्सचे बूट, कुस्तीगिराला खुराक, गाडीवेड्या पोराला मेकॅनिकचं शिक्षण. हिशेब विहारात फलकावर लावावा. आणि त्याच वेळी अनुसूचित जातींसाठीच्या राखीव निधीतून खेळावर काय खर्च झालं, हे माहिती अधिकारात जिल्ह्या-जिल्ह्यात विचारावं. समाजाचा पैसा ही सुरुवात आहे, सरकारचा पैसा हा हक्क आहे. एकाच्या नावाखाली दुसरं सोडायचं नाही.

पोरांनो, एक गोष्ट तुम्हाला. ड्रॅग रेसिंग बंद ट्रॅकवर होते, हेल्मेट आणि संरक्षक कपडे घालून, रुग्णवाहिका उभी ठेवून. हायवेवर सायलेन्सर काढून मारलेला कट म्हणजे रेसिंग नाही. या समाजाला एकही पोर फुकट गमवायला परवडत नाही.

चर्चा संपताना त्या मुलाने विचारलं, "मग दादा, आपल्याकडं गाडी कोण देणार?" अभ्यासिकेत त्या दिवशी चार नोकरदार बसले होते. आम्ही त्यांच्याकडे पाहिलं. दोघांनी मान खाली घातली, एकाने फोन काढला. चौथ्याने वही मागितली आणि पहिल्या पानावर आपलं नाव आणि दरमहा पाचशे रुपये असं लिहिलं. वही विहारात ठेवली आहे. पान अजून बरंच कोरं आहे.

जय भीम.