आरोग्यविचार : शत्रूवांचून रणभेरी

पाटावरून उठतांना भुईला हात टेकावा लागतो, वेणी घालतांना हात वर राहत नाहींत, जिना चढवत नाहीं. अशा सुनेला घरांत 'अंगचोर' हें नांव लवकर मिळतें. परंतु पापण्यांवर जांभळट छटा व बोटांच्या सांध्यांवर चट्टेहि दिसत असतील, तर तो आळस नव्हे, त्वचा व स्नायु यांचा दाह असूं शकेल, असें आम्ही वडीलधाऱ्यांस सुचवितों. वैद्यकांत यास डर्मॅटोमायोसायटिस म्हणतात.

शरीरांत विषाणु शिरला म्हणजे पेशी 'इंटरफेरॉन' नामक द्रव्य सोडून शेजारच्या पेशींस सावध करितात. हें द्रव्य १९५७ सालीं लंडन येथें आयझॅक्स व लिंडेनमन यांनीं शोधिलें. या विकारांत मात्र शत्रूवांचूनच ही रणभेरी वाजत राहते, आणि रक्षकच स्वतःच्या स्नायूंवर तुटून पडतात. हा इशारा पेशींच्या आंत पोंचविणाऱ्या 'जॅक' प्रथिनांस अडविणारीं औषधेंहि आतां कांहीं रोग्यांस गुणकारी ठरलीं आहेत.

२०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत ९५ प्रौढ रोगी होते. शिरेवाटे इम्युनोग्लोब्युलिन मिळालेल्यांपैकीं शेंकडा ७९ जण १६ आठवड्यांत सुधारले. औषधहीन द्राव मिळालेल्यांतहि शेंकडा ४४ सुधारलेच! म्हणून एकाला गुण आला एवढ्यावरून शेजाऱ्याचें औषध घेणें योग्य नव्हे. स्टेरॉइड तर बरें वाटतांच मनानें एकाएकीं कधींहि सोडूं नये. गिळतांना ठसका लागूं लागला किंवा दम लागला, तर त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. दोष देण्यापूर्वीं निदान करावें, हाच शहाणपणा होय.