तांबड्या रेघेचा मासा

शोभेच्या माशांच्या एखाद्या दुकानात आपण हा मासा कधी पाहिला असेल. रुपेरी अंग, मुखापासून शेपटीपर्यंत गेलेला काळाभोर पट्टा, आणि त्या पट्ट्यावर, डोळ्यापासून अंगाच्या मध्यापर्यंत ओढलेली कुंकवासारखी लाल रेघ. व्यापारी त्यास ‘मिस केरळ’ म्हणतात. मल्याळी लोकांनी मात्र त्याचे नाव ‘चोरक्कण्णी’, म्हणजे रक्तासारख्या डोळ्याची, असे ठेवले आहे. आणि मला हेच अधिक नेमके वाटते.

केरळात सह्याद्रीच्या उतारावरून वेगाने धावणाऱ्या चालियार, वळपट्टणम्, चंद्रगिरी ह्यांसारख्या नद्या हे त्याचे घर होय. खडकाळ तळ, काठावरून ओणवलेली झाडी व प्राणवायूने भरलेले स्वच्छ पाणी त्यास लागते. लांबी फार तर वीतभर. हा मासा एकटा क्वचितच दिसावयाचा. तो थव्याने राहतो. अंगाच्या दोन्ही बाजूंस सूक्ष्म छिद्रांची एक ओळ असते, तिच्या योगे शेजाऱ्याच्या हालचालीने पाण्यात उठलेली लहर त्यास जाणवते, आणि सारा थवा एकदम वळतो. शत्रूपासून वाचण्याची ही युक्ती जाळ्यापुढे मात्र उलटते. एक सापडला की त्याचे सोबतीही सापडतात.

१८६५ मध्ये फ्रान्सिस डे ह्या मद्रास सैन्यातील शल्यवैद्याने त्याचे शास्त्रीय वर्णन केले व तेव्हाचे मद्रासचे गव्हर्नर सर विल्यम डेनिसन ह्यांचे नाव त्यास दिले. गव्हर्नरसाहेबांचा माशाशी संबंध एवढाच! २०१३ मध्ये त्याच्या कुळास ‘सह्याद्रिया’ हे नवे नाव मिळाले. ते देणाऱ्या संशोधकांत पुण्याचे नीलेश डहाणूकर होते.

एकोणिसशे नव्वदच्या दशकात ह्या माशाचे रूप परदेशी शौकिनांच्या नजरेत भरले, आणि तेथून त्याच्या दुर्दैवास आरंभ झाला. २००५ ते २०१२ ह्या अवघ्या काही वर्षांत तीन लाखांहून अधिक मासे भारतातून बाहेर गेले. ते बहुतांशी ओढ्यानद्यांतून धरलेले होते. थवेच्या थवे उचलले गेल्यावर कित्येक ठिकाणी ते दिसेनासे झाले.

केरळ सरकारने २००८ मध्ये निर्बंध घातले. जून, जुलै व ऑक्टोबर हे तीन महिने पकड बंद ठेवावयाची होती. आपल्याकडील पुष्कळ मासे पावसाच्या नव्या पाण्याबरोबर विणीस लागतात. ह्याचेही तसेच असेल, असे धरले गेले असावे. पुढे संशोधकांनी प्रत्यक्ष मासे तपासले, तेव्हा त्याच्या विणीचा काळ ऑक्टोबर ते मार्च असा निघाला. म्हणजे बंदीच्या तीन महिन्यांतला एकच कामाचा! नोव्हेंबर उजाडला की अंड्यांनी भरलेल्या माद्या राजरोस जाळ्यात येत. हेतू चांगला होता, ह्याबद्दल शंका नाही. पण नियम करण्यापूर्वी माशाची दिनदर्शिका कोणी पाहिली नव्हती.

दरम्यान कोचीजवळील पनंगाडच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात हा मासा हौदात वाढवून त्याची पिले काढण्यात यश आले. आग्नेय आशियातही आता तो मत्स्यशाळांत निपजतो. त्यामुळे दुकानातील प्रत्येक मासा नदीतलाच असेल, असे नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने त्यास अनुसूची १ मध्ये स्थान दिले. ज्या यादीत वाघ आहे, त्याच यादीत हा वीतभर जीवही आला.

कायद्याने दुकानाची वाट अडविली, तरी नदीतील संकटे सरली नाहीत. सुरुंग उडवून वा पाण्यात विष कालवून मासे मारण्याची दुष्ट चाल अजून आहे, आणि तीत लहानमोठा असा भेद नसतो. पुन्हा कधी काचेआड ती लाल रेघ आपल्या दृष्टीस पडली, तर ‘हा कोठून आणला?’ एवढे दुकानदारास अवश्य विचारावे.