वाद्यवृंदाची संहिता

ज्ञानेश्वरी शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना पहिला प्रश्न असा विचारतो की, तुमच्या हातातली प्रत कोणाची? राजवाड्यांची की साखरे महाराजांची? प्रश्न ऐकून वर्ग प्रथम गोंधळतो. ग्रंथ एकच असताना प्रतीची चौकशी कशाला, असा भाव चेहऱ्यांवर असतो. पाठभेद दाखवले की तो भाव मावळतो. हाच प्रश्न आम्हांला अलीकडे वारंवार पडतो तो मात्र वर्गाबाहेर, वाद्यवृंदाच्या तालमीत. महाविद्यालयांत सांस्कृतिक विभाग बहुधा मराठीच्या प्राध्यापकाच्या गळ्यात पडतो, आणि त्यामुळे युवा महोत्सवापूर्वीचे दोन महिने आम्ही क्लॅरिनेट, ट्रम्पेट, हार्मोनियम आणि हलगी यांच्या सहवासात काढतो. तेथे 'हे कोणत्या पानावरून वाजवता?' असे विचारले, तर मुले भ्रमणध्वनी पुढे करतात. पान नाही. ध्वनिमुद्रण आहे, तेही कोणी कोठून उतरवले याचा पत्ता नसलेले.

वाद्यवृंदासाठी स्वरलिपी निवडणे हा संहितानिवडीचाच एक प्रकार आहे, आणि आमच्या मुलुखात ही निवड होतच नाही, कारण निवडावे असे काही लिहिलेलेच नाही, हा प्रस्तुत लेखाचा मुद्दा आहे. हे लेखन संगीत विभागांवर सोपवून आपण मोकळे होऊ नये असे आम्हांस वाटते. ते काम निदान अर्धे तरी भाषेच्या अध्यापकाचे आहे.

चंदगडची भौगोलिक स्थिती या संदर्भात बोलकी आहे. 1956 पर्यंत हा तालुका बेळगाव जिल्ह्यात होता, राज्यपुनर्रचनेनंतर तो कोल्हापुरात आला. बोलीत कोकणी आणि कानडी दोन्हींचे पाणी मिसळलेले. पूर्वेला बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे आणि लष्करी बँड म्हटला की लेखी नोटेशन आलेच. पश्चिमेला तिलारी घाट उतरला की दोडामार्ग आणि पुढे गोवा. तेथील चर्चच्या शाळांतून पिढ्यानपिढ्या मुलांना स्वरवाचन आणि व्हायोलिन शिकवले गेले. या दोन वाचत्या परंपरांच्या मधोमध आम्ही ऐकत्या परंपरेचे लोक आहोत. आमची हलगी, घुमके, कैताळ, बेंजो पार्टी आणि लग्नातला बँड, सारे कानावर चालते. यात कमीपणा काहीच नाही. तथापि घाटाखालच्या मुलाला जे पान वाचता आले, त्याने त्याला कोठवर नेले हे पाहण्यासारखे आहे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे चर्चमधील गायनवृंदाच्या शिक्षकाचे चिरंजीव. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत ते व्हायोलिनवादक आणि वाद्यवृंदरचनाकार झाले, आणि 1958 मध्ये त्यांनी इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा करून रागांवर आधारलेल्या स्वतःच्या रचना लिहून काढल्या. लता मंगेशकर व मन्ना डे त्यांत गायले. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी 1977 च्या चित्रपटात गुरूचे नाव गाण्यात घातले. ते गाणे सर्वांना पाठ आहे. त्या रचनांची पाने किती जणांनी पाहिली असतील?

येथे कोणी विचारील की स्वरलिपी आपल्याकडे नाही कशी? भातखंडे मराठीच होते आणि त्यांची 'क्रमिक पुस्तक मालिका' सहा भागांची आहे. विष्णु दिगंबर पलुस्कर तर आमच्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचे. प्रश्न रास्त आहे. परंतु या दोन्ही लिपी एका गळ्यासाठी सिद्ध झाल्या. बंदिशीची एक ओळ, तिच्याखाली मात्रा, भातखंडे पद्धतीत समेला फुली, खालीला शून्य, कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. गुरूकडून मिळालेले विसरू नये म्हणून केलेली ती टिपणे आहेत. त्यांत षड्ज कोणत्याही पट्टीचा असू शकतो आणि तेच तिचे सामर्थ्य आहे. वाद्यवृंदाची गरज निराळी. तेथे चार माणसांनी एकाच क्षणी चार वेगळ्या गोष्टी करायच्या असतात, प्रत्येकाला आपले पान हवे असते, आणि कोणी केव्हा गप्प बसायचे हेही लिहावे लागते. गप्प बसण्याची जागा लिहिलेली नसली म्हणजे काय होते, हे आमच्याकडील कोणत्याही वरातीत ऐकावे. सारेच सर्वकाळ वाजवीत असतात.

पट्टीचा विषय निघालाच आहे तर त्यावर थोडे थांबतो, कारण तालमीतले निम्मे भांडण येथे होते. क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट ही बहुधा बी फ्लॅटची वाद्ये असतात. म्हणजे वादकाने आपल्या पानावरचा सी वाजवला की प्रत्यक्षात ऐकू येते ती हार्मोनियमची काळी पाच. आल्टो सॅक्सोफोन ई फ्लॅटचा, त्याचा सी म्हणजे काळी दोन. आता गायकाने पांढरी दोन धरली, तर ट्रम्पेटवाल्याला चार तीव्र चिन्हांच्या आणि सॅक्सोफोनवाल्याला पाच तीव्र चिन्हांच्या स्वरसप्तकात वाजवावे लागते. नवशिक्या मुलाची बोटे तेथे अडखळतात आणि दोष त्याच्या कानावर येतो. त्याच गीताची पट्टी अर्ध्या स्वराने वर, काळी दोनवर नेली, की ट्रम्पेटला एकच कोमल चिन्ह उरते आणि सॅक्सोफोनला एकही नाही. काळी पाच तर क्लॅरिनेटला अगदी घरची. मुलीच्या गळ्याला ती बहुधा मानवते, मुलाच्या गळ्याला काळी एक किंवा दोन पाहावी. गळा आणि फुंकवाद्य यांचा हा समझोता पानावर झाला पाहिजे. तो व्यासपीठावर करता येत नाही.

परदेशातील प्रकाशक निवडीसाठी एक सोय करतात, तिचे आम्हांला कौतुक वाटते. अमेरिकेत शालेय बँडच्या रचनांवर पहिली ते सहावी अशी काठिण्यपातळी छापलेली असते, आणि एखादे वाद्य संचात नसेल तर त्याचे महत्त्वाचे स्वर दुसऱ्या वाद्याच्या पानात बारीक अक्षरांत दिलेले असतात. 2020 च्या महामारीत वादकसंख्या घटली, तेव्हा चार-पाच आवाजांत लिहिलेल्या आणि कोणत्याही वाद्यांत वाटून घेता येणाऱ्या रचनांची चलती झाली. हा नमुना आमच्या उपयोगाचा आहे, कारण आमचा संच दरवर्षी बदलतो. यंदा दोन क्लॅरिनेट असतील, पुढच्या वर्षी एकही नसेल. संच मोठा असेल तर दुबळ्या वादकाला शेजाऱ्याचा आधार मिळतो. चार जणांच्या संचात प्रत्येक आवाजाला एकच माणूस, त्यामुळे निवड त्यातल्या सर्वांत कच्च्या वादकाकडे पाहून करावी लागते. उलटे केले जाते. संचातील एका हुशार मुलासाठी गीत निवडतात आणि उरलेले तिघे त्याच्या मागून धावत राहतात.

मग निवडावे काय? चित्रपटगीत हे तयार उत्तर आहे. पण आपल्या कायद्याने संगीतकृतीची वाद्यवृंदासाठी नवी मांडणी करणे हेही रूपांतरच ठरते आणि त्याला हक्कधारकाची परवानगी लागते. वरातीतील वादनाला सवलत आहे, मांडणी लिहून ती छापण्याला नाही. उलट नाट्यसंगीताचे दालन बरेचसे मोकळे झाले आहे. 'मानापमान' 1911 चे. खाडिलकर 1948 मध्ये गेले आणि चाली देणारे कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे 1955 मध्ये. निधनानंतर साठ वर्षे हा आपल्याकडील नियम लावला, तर शब्द 2009 पासून आणि चाली 2016 पासून सर्वांच्या झाल्या. ध्वनिमुद्रणांचे हक्क निराळे, ते येथे मोजू नयेत. आणि येथेच आमचा ज्ञानेश्वरीचा प्रश्न परत येतो: कोणाचे 'मानापमान'? 8 जुलै 1921 च्या संयुक्त प्रयोगात बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकाच रंगमंचावर उभे होते. दोघांची गायकी भिन्न. क्लॅरिनेटसाठी पद उतरवणाऱ्याला यांपैकी कोणाची जागा घेतली आणि कोणाची सोडली हे ठरवावेच लागेल, आणि समासात तसे नोंदवावे लागेल. ही पाठचिकित्सा नव्हे तर दुसरे काय?

लोकगीतांच्या बाबतीत हा पेच अधिक गहिरा होतो. पर्सी ग्रेंजर या ऑस्ट्रेलियन रचनाकाराने इंग्लंडच्या लिंकनशायरमध्ये फोनोग्राफ घेऊन गायकांची गाणी टिपली आणि पुढे 1937 मध्ये त्यांतून बँडसाठी 'लिंकनशायर पोझी' ही सहा भागांची रचना केली. त्याने गायकांच्या ओढाताणी सरळ केल्या नाहीत. एखाद्या म्हाताऱ्याने मध्येच अर्धी मात्रा खाल्ली असेल तर तीही पानावर आली. परिणाम असा की पहिल्या प्रयोगात सहापैकी तीनच भाग वाजवता आले. आमच्या मते ग्रेंजर बरोबर होता. चंदगडी बाईच्या फुगडीतली किंवा जात्यावरच्या ओवीतली ओळ आठ मात्रांत कोंबली की तिच्यातली बोली निघून जाते, जसे तिचे शब्द प्रमाण मराठीत लिहिले की निघून जाते. कोवाडचे रणजित देसाई याच तालुक्यातले. या मातीला लेखनाची सवय नाही असे कोणी म्हणू नये.

हलगीचे काय करायचे यावर मात्र आम्हां लेखकांतच एकमत नाही. आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे की हलगीचे बोलही लिहावेत, नाहीतर पुढच्या पिढीला लेखी भाग आणि अलेखी भाग अशी नवी उतरंड दिसेल आणि हलगी खालच्या पायरीवर बसेल. दुसऱ्याचे म्हणणे असे की हलगीवाल्याच्या पानावर केवळ आवर्तनांची संख्या आणि थांबण्याच्या जागा असाव्यात, मधली जागा त्याची. वाद मिटलेला नाही. आगामी तालमीत दोन्ही पाने छापून हलगीवाल्यालाच निवडू द्यावे, इतके ठरले आहे.

तालमीला घ्यायचे पहिले पद निश्चित झाले आहे. 'मानापमाना'तलेच आहे, पट्टी काळी पाच, आवाज चार: वरची ओळ क्लॅरिनेटला, दुसरी ट्रम्पेटला, तिसरी हार्मोनियमच्या डाव्या सप्तकात, चौथी जो कोणी येईल त्याला. सोळा आवर्तनांपैकी चारांत ट्रम्पेट गप्प आहे. ते पान ट्रम्पेटवाल्याला कसे पटवायचे, याचीच चिंता सध्या आहे.