तुरुंगाच्या दाराशी संपणारे कर्तव्य

आसामातील माचांग लालुंग ह्या आदिवासी माणसास १९५१ साली अटक झाली व पुढे तेजपूरच्या मनोरुग्णालयात धाडण्यात आले. १९६७ साली डॉक्टरांनी तो बरा झाल्याचा निर्वाळा दिला, तेव्हा त्याची रवानगी घरी नव्हे, गुवाहाटीच्या तुरुंगात झाली. खटला न चालताच ५४ वर्षे काढून २००५ साली तो एक रुपयाच्या जातमुचलक्यावर सुटला. दोन वर्षांनी वारला. ह्या अन्यायाबद्दल आपण हळहळतो. परंतु आज जो सुटतो त्याचे पुढे काय होते, हे आपल्या पुरोगामी वर्तुळांतही क्वचितच विचारले जाते.

देशाच्या तुरुंगांतील सुमारे तीन-चतुर्थांश बंदी कच्चे कैदी आहेत. जामिनाचा हुकूम पोहोचला की त्यांस सोडावेच लागते, व ते योग्यच. मात्र त्यांपैकी जो मानसिक आजारावर औषधे घेत असेल, त्याच्या हाती गोळ्या वा डॉक्टरांची चिठ्ठी पडेलच अशी हमी नाही. गोळ्या एकाएकी तुटल्या की आजार उलटण्याचा धोका असतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे ९८ वे कलम मनोरुग्णालयातून सोडताना पुढील उपचारांची आखणी बंधनकारक करते. साध्या बराकीतून थेट रस्त्यावर येणारा त्यातून निसटतो.

यावर ठरलेले उत्तर, 'कुटुंब आहे ना!' अर्थशास्त्राच्या अभ्यासकास ह्यातील हिशेब स्पष्ट दिसतो. शासनाचा खर्च येथे वाचत नाही. तो रोजंदारीवर जाणाऱ्या आईच्या वा पत्नीच्या माथी मारला जातो. तिची बुडालेली मजुरी कोणत्याही अंदाजपत्रकात येत नाही, म्हणून ती फुकट समजली जाते. (कुटुंबसंस्थेचे गोडवे गाणाऱ्यांच्या घरी बहुधा पगारी परिचारिका असते.) आणि ज्यास कुटुंबानेच टाकले, त्याने कोठे जावे? हाफ-वे होमची तरतूद ह्याच कायद्याच्या १८ व्या कलमात आहे. ती घरे बांधण्यास पैसा लागेल, आणि तो शासनाकडून भांडूनच घ्यावा लागेल. महिनाभराच्या गोळ्या व एक चिठ्ठी ह्यांस मात्र पैशाची सबब चालणार नाही.

आणीबाणीत आपले कितीतरी साथी येरवड्यास होते. १९७७ साली ते सुटले तेव्हा दाराशी हारतुरे घेऊन माणसे उभी होती. ह्या बंद्यांसाठी तेथे कोणी नसते. प्रत्येक जिल्हा शाखेने तूर्त तुरुंग अधीक्षकांस लेखी विचारावे: गेल्या वर्षी मानसिक आजारावर औषधे चालू असलेले किती बंदी सुटले, आणि त्यांपैकी किती जणांच्या हाती गोळ्या दिल्या?