तळे एकाचे, पाणी कोणाचे?

परवा चांदवड तालुक्यात मामांच्या गावी गेलो होतो. मामींनी चहा केला तो टँकरच्या पाण्याचा. घरची विहीर फेब्रुवारीतच आटलेली, आणि बांधापलीकडचे शेजाऱ्यांचे शेततळे मात्र भर एप्रिलमध्ये काठोकाठ! पाऊस तर ऑक्टोबरातच गेला. मग हे पाणी आले कुठून? मामींनी काही न बोलता बोअरकडून तळ्याकडे गेलेल्या काळ्या पाइपाकडे बोट दाखवले.

शेततळे म्हणजे शेतातून वाहून जाणारे पावसाचे पाणी अडवण्याचा खड्डा, अशी आपली समजूत. ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना २०१६ साली आली तीही याच विचाराने. जास्तीत जास्त ५० हजारांचे अनुदान होते. पण नाशिक जिल्ह्यात गावोगावी तळ्यात पाचशे मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद अंथरला गेला, आणि जमिनीत मुरलेले पाणी उपसून त्यात साठवले जाऊ लागले. तीस मीटर लांब-रुंद आणि तीन मीटर खोल तळ्यात, एकास एक उतार धरला, तर सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. उन्हाळ्यात रोज सात मिलिमीटर वाफ झाली, तरी भरलेल्या तळ्यातून सहा हजार लिटर हवेत जाते. जमिनीखाली सावलीत असलेले पाणी वर आणून उन्हात ठेवायचे, आणि त्याला जलसंधारण म्हणायचे!

शेजाऱ्यांना दोष देणे सोपे आहे. पण त्यांची द्राक्षबाग आहे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलीला पाणी कमी पडले, तर पुढच्या हंगामाचे घडच धोक्यात येतात. बागेवर कर्ज, वीज येणार ती अपरात्री. त्यांच्या जागी मी असतो, तर मीही तळे भरूनच ठेवले असते. माझी तक्रार आहे ती सरकारी हिशेबाबद्दल. खड्डा खणला की अनुदान. तो कोणत्या पाण्याने भरला, याची विचारपूस नाही. शिवाय अनुदान सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याला. खडकाखालचे पाणी काही सातबारा पाहून वाहत नाही. साठ मीटरपेक्षा खोल विहिरींना बंदी घालणारा २००९ चा भूजल कायदा आहे, पण बोअरच्या गाड्या गावात येतच असतात.

याच जिल्ह्यात दुसरी रीतही आहे. बागलाणकडे फड पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी गावाने वाटून घेण्याची जुनी परंपरा होती. ओझरला तर १९९० च्या दशकात बापू उपाध्ये यांच्या प्रेरणेने वाघाड धरणाच्या लाभक्षेत्रात पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. त्यांनी कालव्याचे पाणी नाल्यांत अडवून विहिरींना पाझर दिला, आणि विहिरीवर भिजणाऱ्यांकडूनही पट्टी घेतली. विहीर माझी असली तरी पाणी सगळ्यांचे, हे तिथल्या शेतकऱ्यांनी मान्य केले. सरकारचा पैसा व्यक्तीऐवजी अशा गावाला, आणि उपशाचा हिशेब पाहून मिळाला, तर काय बिघडेल? वाटप कठीण होईल, उद्घाटनेही कमी होतील, हे खरे.

निघताना मामी दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, “अरे, आम्हालाही शेततळे मिळेल का? शेजारच्यांचे पाहून वाटते, आपणही करावे.”

अर्ज आता ऑनलाइन भरतात, एवढेच मी सांगितले.

“आणि बोअर?” त्यांनी विचारले.